कोणत्याही शिंगास

सोमाजी कुमरेनं पोत्याचं तोंड सोडलं आणि सांबराची शिंगं माझ्या टेबलावर, टाइपरायटरला लागून ठेवली. ठेवून झाल्यावर विचारलं, "बाई, कुठं ठेवू जी?"

शिंगांना कवटीचा वरचा तुकडा तसाच होता आणि त्याला लागलेली माती अजून ओली होती. मी घाईघाईनं कागद मागे ओढले.

"इथं नको. तिकडे कोठीत ठेवा. आणि ही बंदूक कोणाची?"

"वकीलसाहेबांची हाय जी. हिवरकर वकिलांची."

आमच्या ऑफिसात आठ माणसं बसत. आठही जणांचे हात थांबले. बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. ॲडव्होकेट हिवरकर म्हणजे देवखेड्यातले सगळ्यात मोठे वकील. आमचे विभागीय वनाधिकारी वरदन साहेब यांच्याकडे दर रविवारी पत्ते खेळायला येणारे. सोमाजी आमचा बोरटोल्याचा वनरक्षक. त्यानं त्यांचीच बंदूक जप्त केली होती, खांद्याला अडकवली होती, कॅरिअरवर शिंगांचं पोतं बांधलं होतं आणि बावीस मैल सायकल मारत आला होता.

"सोमाजी, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" बडे बाबू म्हणाले.

"हाय जी."

"काय झालं ते नीट सांगा," मी म्हटलं.

तो उभ्या उभ्याच सांगायला लागला. पन्नाशीचा माणूस. खाकी शर्टाची कॉलर विरल्यावर उलटून शिवलेली.

"सकाळी नाल्याकडून बार ऐकला. गेलो. वकीलसाहेब होते, संगं त्यांचा एक दोस्त, अन् गावची दोन माणसं. सलाम केला. परवाना पायला, बराबर होता. मग जनावराजवळ बसलो. म्हटलं, साहेब, याच्या उजव्या शिंगाले वर फाटा हाय. ते म्हणाले, डाव्याले तर नाही ना? म्हटलं, कागदात तसं चालत नाही जी. ते हासले. म्हणाले, मी वकील हावो, तू मले कायदा शिकवते का?"

"मग?"

"म्हटलं, नाही जी. मी फकस्त बंदूक मागतो."

"आणि त्यांनी दिली?"

"दिली जी. रागावले, पण दिली. पंचनाम्यावर सही पण केली. चांगला माणूस हाय."

बडे बाबूंनी कपाळावर हात मारून घेतला.

ही सदुसष्ट सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. तेव्हा परवाना काढून शिकार करता येत असे. मोठ्या शिंगांचा सांबर मारायचा आणि डोकं दिवाणखान्यात लावायचं, ही हौस इतकी वाढली होती की आमच्या विभागात वयात आलेला नर दिसणं मुश्कील झालं होतं. वरदन साहेब मद्रासकडचे, जंगलाची फार कळकळ असलेले. त्यांनी तीन वर्षांसाठी एक नवा नियम काढला: मोठा नर कोणीच मारायचा नाही. थोडे परवाने द्यायचे, तेही फक्त तरुण नरांचे. गावकऱ्यांना सोडत काढून, शहरवाल्यांना अर्ज बघून.

आता जंगलात जनावराचा जन्मदाखला कोण मागणार? म्हणून तरुण कोण ते शिंगांवरून ठरवायचं. सांबराच्या शिंगाला एक फाटा अगदी बुडाशी, कपाळाजवळ फुटतो. दुसरा फुटतो वर, टोकाकडे, आणि तो वय वाढल्यावर. कान उभा केला की त्याच्या टोकाच्या उंचीवर शिंगांवर एक आडवी रेघ धरायची. त्या रेघेच्या वर फाटा आहे की नाही, एवढंच बघायचं.

साहेबांनी परिपत्रक इंग्रजीत लिहिलं होतं. वनरक्षकांसाठी आणि गावांसाठी ते मराठीत करायचं होतं. ते काम मी मागून घेतलं. ऑफिसात बी.ए. झालेली मी एकटी, आणि बाईमाणूसही मी एकटीच. दोन वर्षं मला नुसत्या आवक-जावकच्या नोंदींवर बसवलं होतं. परिपत्रकाचं मराठी मी एका बैठकीत केलं. साहेबांना मराठी बोलता येई, पण पुस्तकातून शिकलेलं. त्यांनी वरवर नजर फिरवली आणि सही केली. त्याच्या साठ प्रती निघाल्या, पासष्टच्या नोव्हेंबरात. प्रत्येक प्रतीच्या तळाशी बारीक अक्षरात 'भाषांतर : कु. इं. द. बोधनकर' असं होतं. त्यातली एक मी घरी नेऊन वडिलांना दाखवली होती.

त्या नियमाखाली पहिली जप्ती झाली ती महिन्याभरातच, आणि तीही सोमाजीनंच केली. माणूस होता चैतू मडावी, चिचटोल्याचा. सोमाजीचा सख्खा साळा, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. सोडतीत परवाना लागला म्हणून खुशीत भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक, घेऊन गेला आणि एक सांबर पाडलं. त्याच्या एका शिंगाला फाटा होता, एकाला नव्हता. सोमाजीनं त्याची बंदूक धरली, गुन्हा नोंदवला, कबुलीवर अंगठा घेतला. पुढच्या एप्रिलात सोमाजीच्या मुलीचं, फुलवंतीचं लग्न झालं. मामा लग्नाला आला नाही. सोमाजीची बायको त्यानंतर माहेरी गेली नाही. हे सगळं ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं आणि सोमाजी समोर आला की त्यावर कोणी बोलत नसे.

चौकशी दुसऱ्या दिवशी अकराला ठेवली. साहेबांच्या खोलीत साहेब, हिवरकर वकील, सोमाजी आणि टिपण घ्यायला मी. टेबलावर वर्तमानपत्र अंथरून शिंगं ठेवली होती. वकील आले ते तापलेले नव्हते. पांढरा कोट, तोंडात लवंग, चेहऱ्यावर असा भाव की लहानसं काम आहे, उरकून टाकू.

"आधी मोजमाप," साहेब म्हणाले. "कान नाही. कसं मोजणार?"

सोमाजीनं खिशातून सुतळीचा तुकडा काढला. त्याला दोन गाठी होत्या. "कान तिथंच मोजला जी, वकीलसाहेबांसमोर. या गाठीपासून या गाठीपर्यंत."

"खरं आहे," वकील म्हणाले. "माझ्यासमोर मोजला. दोनदा मोजला."

सुतळी लावून पाहिली. उजव्या शिंगाचा फाटा कानाच्या रेघेपासून चांगला चार बोटं वर होता. डावं शिंग टोकापर्यंत साफ. यावर वाद नव्हताच.

"आता नियम," वकील म्हणाले. त्यांनी कोटातून इंग्रजी परिपत्रक काढलं, चष्मा लावला आणि वाचलं. एका ठिकाणी त्यांनी बोट ठेवलं. "इथं शब्द आहे 'एनी'. एनी अँटलर. म्हणजे दोनपैकी कोणतंही एक शिंग साफ असलं, तर नर तरुण. माझ्या सांबराचं डावं साफ आहे. विषय संपला."

"मी तेच लिहिलं," साहेब म्हणाले. "एक पुरे. झाडीत माणसाला जनावराची एक बाजू दिसते. दोन्ही शिंगं बघेपर्यंत ते थांबत नाही. म्हणून मी एक लिहिलं." ते सोमाजीकडे वळले. "कुमरे, तुम्ही दोन्ही शिंगं साफ पाहिजेत असं म्हणाला. हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

माझी पेन्सिल थांबली.

इंग्रजी वाक्य मला पाठ होतं. माझं मराठीही पाठ होतं. 'ज्याच्या कोणत्याही शिंगास कानाच्या टोकावर फाटा नाही, असा नर तरुण समजावा.' मनात दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवली, सव्वा वर्षात पहिल्यांदा. साहेबांचं म्हणत होतं, एक शिंग साफ असलं की झालं. माझं म्हणत होतं, एकालाही फाटा असता कामा नये. 'एनी'ला 'कोणतेही' हा प्रतिशब्द मला शाळेपासून घोटून दिलेला होता. तो मी उचलून ठेवला होता आणि पुढे 'नाही' आल्यावर त्याचं काय होतं, ते पाहिलंच नव्हतं.

आणि त्याहून वाईट आठवण पुढे होती. परिपत्रक निघालं त्या आठवड्यात सोमाजी पगारासाठी देवखेड्याला आला होता. टेबलाशी उभा राहून त्यानं विचारलं होतं, "बाई, एक इचारू का जी? हे कोणत्याही शिंगास म्हणजे एक का दोनी?" मी मान वर केली नव्हती. "मराठीच आहे ना, सोमाजी? कोणत्याही म्हणजे कोणत्याही. एकालाही फाटा चालणार नाही." तो गेला. अर्ध्या तासानं पुन्हा आला होता. "बाई, रागावू नका जी. जनावर कधी दोनी बाजू दाखवत नाही. साहेबाले एकडाव इचारता का?" मी म्हटलं होतं, "साहेबांची सही आहे त्यावर." आणि पुढचा कागद टाइपरायटरला लावला होता.

आता साहेब त्याला विचारत होते, कोणी सांगितलं.

सोमाजीचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. त्या खिशात त्याची परिपत्रकाची प्रत असे, मेणकापडात घडी घालून. जप्तीच्या वेळी तो ती समोर धरायचा. हात खिशावर गेला, तिथं थोडा वेळ राहिला आणि खाली आला. माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"मीच तसं समजलो जी," तो म्हणाला.

वकील खुर्चीत मागे टेकले. "साहेब, मला या माणसावर कारवाई नको. प्रामाणिकपणे केलं त्यानं. गैरसमज झाला म्हणून माफी मागू दे, बंदूक परत मिळू दे. बस."

"माफी मागतो जी," सोमाजी लगेच म्हणाला. त्यानं हात जोडले आणि वकिलांसमोर वाकला. मग सरळ उभा राहिला. "पण साहेब, मग एकाची माफी मागून भागत नाही. दोघांची मागा लागते."

"दुसरा कोण?"

"चैतू मडावी जी. चिचटोल्याचा. त्याच्या पण जनावराचं एक शिंग साफ होतं. त्याची बंदूक कोठीत पडून हाय, सव्वा साल झालं. तूर रानडुकरांनी खाल्ली त्याची. बंदूक वापस द्या लागन."

साहेबांना नाव आठवेना. मी सांगितलं. त्यांनी फाइल मागवली, उघडली, अंगठा पाहिला.

"यानं गुन्हा कबूल केला आहे. केस बंद आहे."

"मी सांगतलं की गुन्हा हाय, म्हणून त्यानं अंगठा देल्ला जी. त्याले वाचता येत नाही."

"कुमरे, ऐका." साहेबांचा आवाज मऊ झाला. हिवरकरांचं प्रकरण इथल्या इथे मिटलं असतं, हे सगळ्यांना दिसत होतं. "बंद केस उघडायची तर वर नागपूरला कळवावं लागेल. कारण लिहावं लागेल. काय लिहू? गार्डला नियम समजला नाही, त्यानं निर्दोष माणसाकडून कबुली घेतली. असं लिहिलं की तुमची नोकरी राहत नाही. पेन्शनला किती वर्षं आहेत?"

"तीन जी."

"मग?"

सोमाजीनं टेबलावरच्या शिंगांकडे पाहिलं. फार वेळ लावला नाही त्यानं.

"लिवा जी," तो म्हणाला.

वकिलांनी चष्मा काढला.  मग साहेबांनी सुस्कारा सोडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बोधनकर, घ्या लिहून. संबंधित वनरक्षकाच्या गैरसमजामुळे..."

मी 'संबंधित' लिहिलं. पुढचा शब्द लिहायला हात चालेना. हात थांबला तो सद्‌बुद्धीनं, असं मला म्हणायचं नाही. माझ्या मनात तेव्हा काय होतं ते मला चांगलं आठवतं: नोकरी जाईल, वडील काय म्हणतील, बडे बाबू म्हणतील बाईला काम दिलं की असंच होतं. हे सगळं मनात होतं आणि समोर तो माणूस उभा होता, विरलेली कॉलर उलटून शिवलेला. त्यानं सगळं आधीच देऊन टाकलं होतं. आता फक्त मी लिहायची वाट बघत होता.

"साहेब, गैरसमज त्यांचा नाही," मी म्हटलं.  "चूक परिपत्रकात आहे. मराठी प्रतीत. ती मी केली. आणि यांनी मला त्याच आठवड्यात येऊन विचारलं होतं. दोनदा. मी त्यांना परत पाठवलं."

साहेब सोमाजीकडे वळले. "कुमरे, हे खरं?"

"बाई खोटं कायले बोलतील जी," सोमाजी म्हणाला. पण तेही जमिनीकडे बघत.

"प्रत आहे तुमच्याकडे?"

आता त्यानं मेणकापड काढलं. वकिलांनी हात पुढे करून ते घेतलं. वाक्य एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्यानं. मग ते मोठ्यानं हसले. मला वाटलं माझ्यावर हसतायत, पण तसं नव्हतं.

"अरे, हा माणूस शंभर टक्के बरोबर आहे! याच्या कागदाप्रमाणे मी गुन्हेगार आहे आणि माझ्या कागदाप्रमाणे नाही. एका सांबरावर दोन कायदे." ते उठले, सोमाजीसमोर गेले आणि त्यानं मघाशी जोडले होते तसेच त्यांनी हात जोडले. "कुमरे, मी तुम्हाला म्हणालो होतो, मला कायदा शिकवतोस का. माझा शब्द मी मागे घेतो."

सोमाजी इतका अवघडला की काय करावं त्याला कळेना. त्यानं पुन्हा सलाम केला.

साहेब माझ्यावर रागावले. खूप रागावले, इंग्रजीत, आणि ते सगळं इथं सांगण्यात अर्थ नाही. मला लेखी ताकीद मिळाली, एक वेतनवाढ थांबली, पण नोकरी राहिली. त्याच संध्याकाळी भाषांतरातली चूक हे कारण लिहून नागपूरला पत्र गेलं आणि साठही प्रती परत मागवायचा आदेश निघाला. साहेब म्हणाले, नवं वाक्य आत्ता, इथं बसून लिहा, आणि कुमरेला वाचून दाखवा. त्याला समजलं तर मी सही करीन. मी लिहिलं: 'ज्याच्या एका तरी शिंगाला कानाच्या टोकावर फाटा नसेल...' सोमाजीनं ते तीन वेळा वाचायला लावलं. मग म्हणाला, "आता बराबर. आता चैतूले पण समजन."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी जीप दिली. चैतूची बंदूक परत करायचा आदेश मी स्वतः चिचटोल्यात जाऊन वाचून दाखवायचा होता. ती माझ्या शिक्षेतली शेवटची गोष्ट होती आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जड. पुढे ड्रायव्हर हुसेन, मागे मी आणि सोमाजी, सोमाजीच्या गुडघ्यांमध्ये ती जुनी भरमार. रात्रभर बसून त्यानं तिचा गंज काढला होता. हातांना अजून तेलाचा वास येत होता.

निम्मा रस्ता गेल्यावर मी विचारलं, "सोमाजी, काल तुम्ही माझं नाव का नाही घेतलं? कागद खिशातच होता."

त्यानं गुडघ्यांमधली बंदूक सरळ केली. 

"नाव घेतलं असतं तर मी सुटलो असतो ना जी?" तो म्हणाला.

"मग? सुटायला नको होतं?"

"तुमाले दोन डाव इचारलं, म्हणजे मले ठाऊक होतं का नाही, की हे बराबर नाही? इंग्रजी येत नाही, पण जंगल तर येते. साहेबासारखा माणूस असा नियम करन कसा, जनावर जर एकच बाजू दाखवते? मले तवाच वाटलं होतं. मग चैतूचं जनावर पायलं. तिथं म्हणता आलं असतं, थांब, मी अगुदर साहेबाले इचारतो. दुसरा कोणी असता तर म्हटलं पण असतं." तो बंदुकीच्या दस्त्यावरून अंगठा फिरवत राहिला. "तो साळा होता. लोकं म्हणाले असते, साळ्याले सोडलं. त्या भेवानं मी त्याले धरलं बाई. तुमच्या कागदानं नाही धरलं."

 हुसेननं आरशातून एकदा मागे पाहिलं आणि गाडी हळू केली. पुढे खड्डा होता.

चिचटोला म्हणजे तीस-पस्तीस घरं. जीप आली म्हणून माणसं जमली. चैतू अंगणात दोर वळत होता, पस्तिशीचा, बारीक, कपाळावर जुन्या जखमेची खूण. सोमाजीला पाहून तो उठला नाही. मी आदेश वाचला. पुरा वाचला, 'भाषांतरातील चुकीमुळे' हे शब्दही. मग म्हटलं, "ती चूक माझी. मी बोधनकर." चैतूनं माझ्याकडे पाहून मान हलवली. शहरातल्या लोकांकडून त्याची एवढीच अपेक्षा असावी.

मग सोमाजी पुढे झाला. खाकी शर्ट, पट्टा, बिल्ला, सगळं घालून आला होता तो. गावाच्या देखत त्यानं टोपी काढली.

"चैतू, तुझं जनावर बराबर होतं. तू चोर नवता. सगळ्यायसमोर मी तुले चोर म्हटलं होतं, सगळ्यायसमोर आता सांगतो. मी चुकलो." त्यानं बंदूक दोन्ही हातांवर आडवी धरून पुढे केली.

चैतूनं ती घेतली. घोडा ओढून पाहिला, नळीला डोळा लावून पाहिलं. खांबाला टेकवून ठेवली.

"बंदूक आली," तो म्हणाला. "पोरीच्या लग्नात मी उभा नवतो भाऊजी. ते कुठून आणून देता?"

"ते नाही आणता येत," सोमाजी म्हणाला.

दुसरं काही त्यानं म्हटलं नाही. सबब नाही, रडणं नाही. टोपी हातात घेऊन उभा राहिला. जमलेल्यांपैकी कोणी खाकरलं, कोणाचं पोर रडलं, त्याला आत नेलं. मला वाटलं, आता निघावं. इथं आपलं काम संपलं.

चैतू उठून घराच्या मागे गेला. आला तो दाव्यानं एक गाय ओढत. तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, पोट भरलेलं.

"फुलवंतीची हाय," तो म्हणाला. "लग्नात द्यासाठी ठेवली होती. तवा कालवड होती. आता गाभण हाय." मग माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे विचारलं, "बाई, जीपमंधी बसन का जी?"

हुसेन जागेवरूनच ओरडला, "नाही बसणार! सरकारी गाडी आहे!"

गावात हशा पिकला. चैतू हसला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. "मंग पायी," तो म्हणाला. फुलवंतीचं सासर बेलझरी, तिथून पाच मैल. त्यानं बायकोला हाक मारून डोक्याला बांधायला धुतलेला फेटा मागितला.

सोमाजीनं टोपी डोक्यावर घातली. माझ्याकडे येऊन म्हणाला, "बाई, तुमी जा जी. साहेबाले सांगा, मी उद्या कामावर येतो."

"रजेचा अर्ज?"

"तुमी लिवा जी," तो म्हणाला. "पण समजन असा लिवा."

बेलझरीचा फाटा येईपर्यंत आमचा रस्ता एकच होता. हुसेन मुद्दाम जीप सावकाश चालवत होता, गाय बिचकू नये म्हणून. पुढे चैतू दावं धरून, मागून सोमाजी तिला हाकत. दोघांमध्ये गाय, त्यामुळे बोलायचं म्हटलं तरी जमत नसावं. फाट्याशी गाय अडली. तिला गावाकडेच परत जायचं होतं. चैतूनं ओढलं, सोमाजीनं ढकललं, ती ढिम्म. शेवटी सोमाजी पुढे गेला, दाव्यावर चैतूच्या हाताशेजारी स्वतःचा हात घातला, आणि दोघांनी मिळून तिला बेलझरीच्या वाटेवर वळवली.

मग त्यानं हात काढला नाही. दोघं तसेच, एका दाव्याला धरून, चालत गेले. हुसेननं गाडी बंद केली होती. वाट झाडीत शिरली आणि तिघं दिसेनाशी झाली तरी गायीच्या गळ्यातलं लाकडी टापर वाजताना थोडा वेळ ऐकू येत होतं.